धामणीच्या सोळा ओळी

"सतरा," मी म्हणाले. आणि लगेच, "थांबा, पुन्हा मोजते."

डॉक्टर इनामदार माझ्या मागे उभे होते. आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात एक पांढरा एनॅमलचा ट्रे होता आणि ट्रेमध्ये मेलेली सहा फुटी धामण. ती त्यात मावत नव्हती; शेपटीचा हातभर भाग फरशीवर आला होता. डोकं आणि त्यामागचा वीतभर भाग दगडानं ठेचून चपटा झालेला. गावात मारलेला साप असाच येतो. ज्या भागावरून तो चटकन ओळखता येईल, नेमका तोच लोक शिल्लक ठेवत नाहीत.

मी गुडघ्यांवर बसले होते. डाव्या हातात भिंग, उजव्या हातात टाचणी.

"मॅडम, विषारी आहे की नाही तेवढं सांगा," डॉक्टर म्हणाले. "विषारी असेल तर आत्ताच इंजेक्शन सुरू करायला हवं. आठच कुप्या आहेत माझ्याकडे."

"सांगते. एक मिनिट."

माझ्यापासून चार हातांवर, भिंतीला लागून असलेल्या बाकावर सुगंधा बसली होती. जवळच्या वाडीतल्या आप्पासो नाईकवाड्याची बायको, असेल अठ्ठावीस वर्षांची. म्हशीला घालायला पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, ओढताना तिच्या उजव्या हाताच्या बोटाला काहीतरी चावलं होतं. आप्पासोनं गंजी उसकटून धामण शोधली, मारली, आणि बायकोला, आईला आणि सापाला एकाच मोटरसायकलवर घालून आणलं. सुगंधाच्या बोटाला हळद आणि कसल्याशा पाल्याचा जाड लेप होता, वर साडीची चिंधी. दुसऱ्या हातानं ते बोट धरून ती माझ्याकडे बघत बसली होती. मला ती ओळखत होती. दुधाचा रतीब तीच घालायची.

ही गोष्ट १९९६ च्या नोव्हेंबरमधली, सकाळी साडेनऊची. आजऱ्याच्या पुढे डोंगराच्या कुशीत एका खोऱ्यात मी दोन वर्षं राहत होते. धामण आणि तिच्या जवळच्या बिनविषारी सापांचं वर्गीकरण हा माझ्या पीएच.डी.चा विषय. कोण कुणाचं सख्खं, कोण चुलत, हे रंगावरून ठरत नाही. रंग वयाप्रमाणे आणि मातीप्रमाणे बदलतो. ते खवल्यांवरून ठरतं. पाठीवर खवल्यांच्या ओळी किती, पोटावर पट्ट्या किती, शेपटीखाली जोड्या किती. म्हणून मी मोजायची. आरोग्य केंद्राच्या मागची रिकामी खोली मला राहायला मिळाली होती आणि त्या खोलीत फॉर्मॅलिनच्या बरण्यांमध्ये बेचाळीस धामणी होत्या, आसपासच्या तालुक्यांतल्या, सगळ्या लोकांनी मारलेल्या.

साप आणून मला दाखवायचा रिवाज मीच पाडला होता. त्याआधीच्या वर्षी तस्कर नावाचा निरुपद्रवी साप चावलेल्या एका शिक्षकांना कुणीतरी घाबरून विषावरचं औषध टोचलं आणि त्या औषधाचीच अशी रिॲक्शन आली की माणूस मरता मरता वाचला. तेव्हा माझ्या सांगण्यावरून इनामदारांनी नियम केला: साप आधी मॅडमना दाखवायचा. पाटी मीच रंगवली होती. 'साप मारू नका. मारलाच तर सोबत आणा.' वर्षभरात अकरा माणसं आली, अकराही वेळा साप बिनविषारी निघाला, अकराही जण चहा पिऊन घरी गेले. डॉक्टर सरकारी सेवेच्या बाँडवर आलेले, सव्वीस वर्षांचे. माझ्यावर त्यांचा डॉक्टरकीच्या पुस्तकापेक्षा जास्त विश्वास बसला होता.

"काय मोजत्यात गं एवढं?" सुगंधाची सासू हौसाबाई बाकावरून म्हणाली. "धामीण हाय ती. आंधळं माणूस बी सांगंल."

"खवले मोजतात, मावशी," डॉक्टर म्हणाले. "त्यावरून सापाचं कूळ कळतं."

"कूळ!" हौसाबाईनं पदर सावरला. "बाईंच्या आपल्या घरात चुलत्या-मावश्या किती हाईत ते त्यांना ठाव नसंल, पर धामणीचं समदं गणगोत तोंडपाठ!"

आप्पासो हसला. मीही हसले. सुगंधाही हसली असावी. मी पाहिलं नाही.

सापाच्या शरीराच्या मध्यावर मी टाचणीचं टोक ठेवलं आणि एका बाजूच्या पोटपट्टीपासून तिरकं वर चढत, पाठीच्या कण्यावरून दुसऱ्या बाजूला उतरत मोजलं. चौदा, पंधरा, सोळा. आणि पोटपट्टी आली.

सोळा.

तीन बोटं पुढे सरकून पुन्हा मोजलं. सोळा.

"सुगे, लई दुखतंय का?" आप्पासो विचारत होता.

"आग हुतीया."

"पिंजराचं कूस बी बोटात घुसलं असंल," तो म्हणाला.

"आरं, कूस कसलं!" हौसाबाईचा आवाज चढला. "म्या तवापास्नं सांगतीया. धामीण म्हंजे नागाची बायको. जिथं ती, तिथं त्यो असतूयच. डाक्टर, तुमी सुई टोचा आदी, मग काय मोजायचं ती मोजत बसा."

हे मी त्या खोऱ्यात शंभर वेळा ऐकलं होतं. त्या एका समजुतीपायी माझ्या बरण्यांतल्या निम्म्या धामणी मेल्या होत्या. टाचणी जागेवरून न हलवता मी बोलू लागले.

"मावशी, धामण नागाची कुणी नाही. धामणीतच नर असतो आणि मादी असते. नागाचं कूळ वेगळं, हिचं वेगळं. हिची भावंडं म्हणजे तस्कर, धूळनागीण, रुखई. यांतल्या एकालाही विषाचे दात नाहीत. म्हशीचं आणि वाघाचं लग्न लागेल का?"

"माणसाचं लागतंय वाघाशी. माजंच लागलं हुतं," हौसाबाई म्हणाली आणि आप्पासो पुन्हा हसला. "तुमच्या पुस्तकात काय बी असू दे. म्या माज्या डोळ्यानं बघितल्यात, एका बिळात दोगं."

"जरा शांत राहता का सगळे?" मी म्हणाले. "माझी मोजणी चुकते आहे."

व्हरांडा शांत झाला. मला ती शांतता आवडली, हे मला चांगलं आठवतं.

आता पोटपट्ट्या. मानेकडून निघालं की एकेक पट्टी टाचणीनं सोडत जायचं, दर दहाव्या पट्टीपाशी पेन्सिलीची बारीक खूण. ठेचलेल्या भागात अंदाज चालत नाही. कातडी ओली करून, बोटानं ताणून एकेक पट्टी सुटी करावी लागते. एकशे अठ्ठ्याण्णव भरल्या. मग गुदद्वारावरचा खवला, दुभागलेला. मग शेपटीखालच्या जोड्या. डॉक्टर दोनदा "मॅडम?" म्हणाले, दोनदा मी डावा हात वर केला. सगळं वहीत लिहिलं आणि उठले. पाय बधिर झाले होते.

"धामण आहे," मी म्हणाले. "शंभर टक्के बिनविषारी. जखम साबणानं धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन द्या. बास."

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. आप्पासोनं हात जोडले. त्याच वेळी आतून फर्नांडिस सिस्टर हात पुसत बाहेर आल्या. रात्रीपासून एका बाळंतिणीपाशी अडकल्या होत्या. साठीला टेकलेल्या, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं मोजकं. त्यांनी ट्रेकडे पाहिलंही नाही. बाकाकडे पाहिलं.

"ही पोरगी झोपलीय का?"

"रात्री जागरण झालंय तिला. मळणी हुती," आप्पासो म्हणाला.

सिस्टर तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. "सुगंधा. वर बघ. माझ्याकडे नको, छताकडे."

सुगंधानं मान मागे टाकली. कपाळावर आठ्या पडल्या, भुवया पार वर चढल्या, पण पापण्या अर्ध्यावरच राहिल्या. ती त्या उचलायचा प्रयत्न करत होती आणि त्या उचलल्या जात नव्हत्या.

"तोंड उघड."

ते नीट उघडेना. ओठाच्या कोपऱ्यातून लाळेचा धागा पदरावर उतरला.

"डॉक्टर," सिस्टर म्हणाल्या, "औषध काढा. सगळं."

मी पुढे झाले. त्या वेळी मी काय बोलले ते मी आजवर फार थोड्या लोकांना सांगितलं आहे. मी म्हणाले, "पण सिस्टर, ती धामण आहे." आणि खाली वाकून सापाची शेपूट उचलली, त्यांना दाखवायला. "हे बघा, हा खवला दुभागलेला आहे. नागाचा अखंड असतो. नागाच्या मध्यावर ओळी वीसच्या वर असतात. हा नाग असूच शकत नाही."

"नसेल," सिस्टर म्हणाल्या. बोलताना त्या चिंधी सोडत होत्या. "ट्रेमधली धामणच असेल. हिला ती चावलेली नाही."

त्यांनी लेपावर पाणी ओतलं. हळद वाहून गेली. खाली बोट दुपटीनं सुजून जांभळं झालं होतं आणि त्यावर अर्ध्या इंचाच्या अंतरानं दोन टोचे होते. धामणीच्या जबड्यात बारीक दातांच्या रांगा असतात. ती चावली की करवतीनं खरवडल्यासारखी ओरखड्यांची ओळ उमटते. हे मीच त्या पावसाळ्यात इनामदारांना चित्र काढून समजावलं होतं.

डॉक्टर आप्पासोकडे वळले. "चावताना पाहिलंत का तुम्ही? हीच चावली?"

"न्हाई जी. हिनं आत हात घातला आन वरडली. म्या गंजी उसकटली तवा ही निघाली. मारली. दुसरं कोन असणार?"

हा प्रश्न तोपर्यंत कुणी विचारलाच नव्हता. एवढा साधा प्रश्न. मी शेपूट हातात धरून तशीच उभी होते. ती ओली होती, ट्रेमध्ये मी ओतलेल्या पाण्यानं.

पुढचं मला सलग आठवत नाही. आठही कुप्या सलाईनमधून गेल्या. हौसाबाईनं सुनेचे पाय धरून ठेवले होते. पावणेअकराच्या सुमाराला सुगंधाची मान लटकी पडली आणि श्वास अडखळायला लागला. गडहिंग्लजपर्यंत न्यायचं ठरलं. जीपच्या मागच्या भागात तिला आडवं करून फर्नांडिस सिस्टर तिच्या उशाशी बसल्या आणि रबरी फुगा दाबून तिच्या छातीत हवा भरू लागल्या. मी समोर बसले होते.

"बाई, मोठ्यानं मोजा," त्या म्हणाल्या. "पाच आकडे झाले की मी एकदा दाबणार. रस्ता खराब आहे, माझी लय चुकते."

मी मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार, पाच. एक, दोन, तीन. आणि चारवर माझा आवाज येईना. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिनावर अडकले. सिस्टरनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच मोजायला लागल्या, घाट उतरेपर्यंत, न थांबता.

सुगंधा जगली. गडहिंग्लजच्या दवाखान्यात दोन दिवस तिचा श्वास यंत्रावर होता. तिसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले.

आप्पासो मधल्या दिवशी वाडीत जाऊन आला होता. दवाखान्याच्या पायरीवर माझ्याशेजारी बसून त्यानं सांगितलं की भावकीतल्या माणसांनी गंजी पार तळापर्यंत उपसली. खाली उंदरांची बिळंच बिळं होती. आणि त्यांत नाग.

"केवढा?"

"ह्यो एवढा. फडा काढून बसला हुता."

"मारला?"

त्यानं चमकून माझ्याकडे पाहिलं. "नागाला कोन मारंल मॅडम? समद्यांनी हात जोडलं. गेला वड्याकडं."

मी मान हलवली. उंदीर धामणही खाते, नागही खातो. जिथं उंदीर तिथं दोघं. हौसाबाईनं लावलेलं कारण चुकीचं होतं. तिनं पाहिलेलं चुकीचं नव्हतं. दोन वर्षं मी लोकांना ते कारण खोटं आहे हे पटवत होते आणि एकदाही कुणाला विचारलं नव्हतं, की तुम्ही नक्की काय पाहिलंत.

त्या संध्याकाळी इनामदार आले. दाढी वाढलेली. तिथल्या व्हरांड्याच्या कठड्याला टेकून म्हणाले, "मॅडम, एक विचारायचं होतं. दोष म्हणून नाही. पुढच्या वेळेसाठी. साप ओळखायला साधारण किती वेळ लागतो? त्या दिवशी वीस-बावीस मिनिटं गेली. एवढी लागतातच का?"

मला 'हो' म्हणता आलं असतं. डोकं ठेचलेलं होतं, लागतात. त्यांनी ते मानलं असतं.

"नाही," मी म्हणाले. "धामण आहे हे ट्रेकडे पाहताक्षणीच कळलं होतं."

"मग?"

"मधल्या ओळी सोळा होत्या. बरण्यांतल्या बेचाळीसपैकी एकोणचाळीसमध्ये सतरा आहेत आणि तिघींमध्ये सोळा. त्या तिघीही याच खोऱ्यातल्या. ही चौथी होती; म्हणजे इथल्या धामणींचं कूळच वेगळं असू शकतं. म्हणून मी बाकीचंही मोजून घेतलं. माझ्या कामासाठी."

"आणि मी मागे उभा होतो."

"हो."

"मला वाटत होतं, ते मोजल्याशिवाय ओळख पटत नाही. मी तिची नाडीसुद्धा पाहिली नाही. तुमची मोजणी संपायची वाट बघत होतो."

त्यांनी आणखी काही बोलायला हवं होतं. रागवायला हवं होतं. त्यांनी कठड्यावरचा हात काढून घेतला आणि ते वॉर्डात गेले. त्यानंतर आम्ही दोघांनी एकमेकांशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. फेब्रुवारीत त्यांचा बाँड संपला.

मी डिसेंबरच्या अखेरीस वाडीत गेले. जायचं धाडस व्हायला महिना लागला. सुगंधा अंगणात बसून तांदूळ पाखडत होती. उजव्या हाताच्या त्या बोटाची दोन पेरं कापावी लागली होती. सुपाची कड ती उरलेल्या बोटांनी धरत होती. मला बघून उठायला लागली.

"बस गं," मी म्हणाले आणि शेजारी बसले.

हौसाबाई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. मला वाटलं, ती आता मला बोल लावेल. मी त्यासाठीच आले होते. तिनं तांब्या ठेवला, "बाई वाळल्या गं," असं सुनेला म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

मी शब्द ठरवून आले होते. "सुगंधा, त्या दिवशी माझी चूक झाली. मी तुझ्याकडे बघायला हवं होतं. मी सापाकडे बघत बसले."

"आसू द्या वो मॅडम. नशिबात हुतं. त्यातनं वाचले न्हवं?"

"नाही, ऐक. तुला तेव्हाच काही होत होतं का? आम्ही तिथं होतो तेव्हा?"

तिनं सूप मांडीवर ठेवलं आणि विचार केला. मी विचारलं म्हणून ती मनापासून आठवत होती.

"तुमी खाली बसला तवाच सुरू झालं. आदी डोळ्याम्होरं धुरकट झालं. मग समदं दोन-दोन दिसाय लागलं. दोन डाक्टर, दोन धामणी. तुमी बी दोन. मग म्या एक डोळा पदरानं झाकून धरला, मग येकच दिसायचं. तसंच बसले. मग जीभ जड झाली."

मी चार हातांवर होते.

"मग बोलायचं ना गं!" माझा आवाज इतका मोठा निघाला की गोठ्यातल्या म्हशीनं मान वळवली. "एक शब्द बोलायचा. हाक मारायची."

"कशी मारनार?" सुगंधा म्हणाली. तिला माझ्या ओरडण्याचं नवल वाटलं होतं. "तुमी मोजत हुता. मधीच बोलले असते तर तुमचं मोडलं असतं. परत पयल्यापास्नं मोजाय लागलं असतं तुमाला."

मला तिच्याकडे बघवेना. मी सुपातल्या तांदळाकडे बघत राहिले. तिनं सूप पुन्हा उचललं, दोनदा पाखडलं, आणि मग काहीतरी राहून गेल्यासारखी थांबली.

"आन मॅडम, ते बरोबर आलं न्हवं? मोजल्यालं?"

"आलं," मी म्हणाले. "बरोबर आलं."